विल्यम वायलरची शैली कुठे शोधायची?

कृष्णधवल
हॉलिवूडच्या सुवर्णकाळाची चर्चा निघाली की फोर्ड, हॉक्स, हिचकॉक यांच्यावर पानंच्या पानं लिहिली जातात आणि विल्यम वायलर 'बेन-हरवाला' म्हणून एका ओळीत उरकला जातो. हे मला पटत नाही. दिग्दर्शनासाठी १२ ऑस्कर नामांकनं मिळवण्याचा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. 'मिसेस मिनिव्हर' (१९४२), 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' (१९४६) आणि 'बेन-हर' (१९५९) यांसाठी त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं आणि हे तिन्ही त्या त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटही ठरले. अशी तिहेरी कामगिरी दुसऱ्या कुणाच्या खात्यावर नाही.

तरीही अँड्र्यू सॅरिससारख्या वजनदार समीक्षकाने १९६८ साली त्याला 'दिसतं त्याहून कमी' अशा वर्गात टाकलं. आक्षेप असा की वायलर चांगला कारागीर आहे, पण त्याच्या चित्रपटांवर त्याची सही दिसत नाही. आज वेस्टर्न, उद्या विनोदी प्रेमकथा, परवा संगीतिका.

माझं मत असं: सही आहे, पण ती विषयात शोधली तर सापडत नाही. दृश्यात कोण कुठे उभं आहे, कोणाचं तोंड आपल्याकडे आहे आणि दिग्दर्शक कुठे कट करायचं टाळतो, तिथे ती आहे. जाणकारांनी नेमकी दृश्यं घेऊन लिहावं. मी चूक आहे असं वाटणाऱ्यांनीही जरूर लिहावं.

सातवी_रांग
'बेस्ट इयर्स'मधलं बुचच्या बारचं दृश्य. त्यावाचून हा धागा पुढे जाऊच शकत नाही.

भिंगवाला
@सातवी_रांग, अगदी. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी मांडणी सांगतो. दुसऱ्या महायुद्धावरून घरी परतलेल्या होमर, अल आणि फ्रेड या तिघांची ही गोष्ट. पुढे उजवीकडे पियानो. युद्धात दोन्ही हात गमावलेला होमर आपल्या लोखंडी आकड्यांनी बुचबरोबर 'चॉपस्टिक्स' वाजवतो आहे. पियानोला टेकून अल उभा आहे. आणि पार मागे, डाव्या कोपऱ्यात, टेलिफोनच्या खोक्यात फ्रेड. तो अलच्या मुलीला, पेगीला, फोन करून संबंध तोडतो आहे. त्याचा एक शब्दही आपल्याला ऐकू येत नाही. कथेतली सर्वांत मोठी घटना पडद्याच्या सर्वांत छोट्या तुकड्यात घडते आणि कानावर पियानो पडत राहतो. वायलरने मध्ये दोनदा अलचा जवळचा शॉट घातला आहे, आणि दोन्ही वेळा अलची नजर खोक्याकडे जाते. बोट दाखवायचं ते एवढंच.

आता हे तांत्रिकदृष्ट्या का अवघड होतं ते पाहा. पियानोपासून खोक्यापर्यंत सगळं स्पष्ट दिसायला हवं. ५० मि.मी. लेन्स एफ २.८ वर उघडली (एफचा आकडा वाढला की लेन्सचं छिद्र लहान होतं) आणि ०.०२५ मि.मी. इतकीच अस्पष्टता चालवून घेतली, तर हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथे फोकस केला की त्याच्या निम्म्यापासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट दिसतं ते अंतर, येतं सुमारे ३६ मीटर. म्हणजे पुढचा माणूस पकडला की मागचा गेला. तीच अट ठेवून २४ मि.मी. लेन्स एफ ८ वर लावली तर ते अंतर २.९ मीटरच्या आसपास येतं आणि साधारण दीड मीटरपासून अनंतापर्यंत सगळं फोकसमध्ये राहतं.

फुकट काहीच मिळत नाही. एफ २.८ वरून एफ ८ वर जायचं म्हणजे तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट लागतो), म्हणजे आठपट प्रकाश. कोडॅकची १९३८ साली आलेली सुपर डबल-एक्स ही वेगवान फिल्म, काचेवर लेप दिलेल्या लेन्स आणि ताकदवान आर्क दिवे हे तिन्ही हाताशी आले तेव्हा स्टुडिओच्या आत हे शक्य झालं. छायालेखक ग्रेग टोलंड या तिन्ही गोष्टी एकत्र आणणाऱ्यांत सर्वांत पुढे होता. १९४१ च्या मे महिन्यात 'सिटिझन केन' आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वायलरचा 'द लिटल फॉक्सेस'. दोन्हींचा कॅमेरा टोलंडचा.

जुनी_तिकिटं
मग श्रेय टोलंडचं झालं ना! 'दीज थ्री', 'डेड एन्ड', 'वुदरिंग हाइट्स', 'द वेस्टर्नर', 'लिटल फॉक्सेस', 'बेस्ट इयर्स' हे सगळे टोलंडचे. 'वुदरिंग हाइट्स'साठी ऑस्कर मिळालं तेही टोलंडला, वायलरला नाही. छायालेखकाची शैली दिग्दर्शकाच्या नावावर चढवण्याची जुनी सवय आहे आपल्याला.

पडद्यामागचा
@जुनी_तिकिटं, टोलंड सप्टेंबर १९४८ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी गेला. 'द एअरेस' आला १९४९ मध्ये, छायालेखक लिओ टोव्हर. तरी घराच्या जिन्याचा वापर तोच, आरशांचा वापर तोच, पुढच्या माणसाच्या पाठीमागे चालणारं दुसरं नाट्य तेच. 'द लेटर' (१९४०) टोनी गॉडिओचा. आणखी मागे जा. 'कौन्सेलर अ‍ॅट लॉ' (१९३३) हा जवळजवळ पूर्ण एका वकिलाच्या कचेरीत घडतो, कॅमेरा नॉर्बर्ट ब्रोडाइनचा. दारं, मधल्या खोल्या, एकाच वेळी दोन ठिकाणी चालू असलेली कामं हे सगळं तिथे आहे. तेव्हा वायलर आणि टोलंड एकत्र आलेलेही नव्हते.

टोलंडने वायलरला साधन दिलं हे खरं. पण ते कशासाठी वापरायचं हे वायलरला आधीच ठाऊक होतं.

भिंगवाला
याला पुरावा 'लिटल फॉक्सेस'मध्येच आहे. रेजिनाच्या नवऱ्याला, होरेसला, हृदयविकाराचा झटका येतो, औषधाची बाटली फुटते, दुसरी बाटली वर खोलीत. रेजिना (बेटी डेव्हिस) खुर्चीतून हलत नाही. तो तिच्या मागून धडपडत जिन्याकडे जातो. इथे टोलंड जिना सहज स्पष्ट ठेवू शकला असता, त्याची ख्यातीच त्यासाठी होती. वायलरने जिना मुद्दाम धूसर ठेवला. फोकस रेजिनाच्या न हलणाऱ्या चेहऱ्यावर आहे, नवरा मागे अंधूक आकृतीसारखा कोसळतो. आपण मान वाकडी करून मागचं पाहायचा प्रयत्न करतो आणि ती मात्र मागे वळतही नाही.

यात एक व्यावहारिक भागही आहे. होरेसचं काम करणाऱ्या हर्बर्ट मार्शलचा एक पाय पहिल्या महायुद्धात गेला होता, तो लाकडी पायाने चालायचा आणि जिना चढणं त्याला कठीण होतं. शॉट चालू असताना तो चौकटीबाहेर जातो आणि जिन्यावर पोचणारा माणूस त्याचा डमी आहे. धूसरपणामुळे ही अदलाबदल लपते.

सांजवेळ
वा! हे दृश्य आता पुन्हा पाहणार.

वाचकमित्र
थोडं चरित्र टाकतो, नाहीतर नवीन वाचकांचा गोंधळ उडेल.

जन्म १ जुलै १९०२, अल्सासमधल्या म्युलहाउझ गावी, तेव्हा ते जर्मन साम्राज्यात होतं. वडील स्विस. आईच्या नात्यातला माणूस म्हणजे युनिव्हर्सल स्टुडिओचा मालक कार्ल लेमली. त्याने १९२० मध्ये या पोराला अमेरिकेला नेलं. न्यू यॉर्कच्या कचेरीत हरकाम्या, मग कॅलिफोर्नियात सेटवर पडेल ते काम, मग सहायक. १९२५ पासून दोन रिळांचे वेस्टर्न: सुमारे तीन दिवसांत एक चित्रपट, खर्च दोन हजार डॉलरच्या आसपास. घोड्यावर चढणं आणि घोड्यावरून उतरणं नव्या नव्या कोनांतून कसं दाखवायचं, याचा त्याने तिथे रियाज केला.

बोलपटाचा पहिला मोठा कस 'हेल्स हीरोज'मध्ये लागला. युनिव्हर्सलचा बाह्यचित्रण केलेला पहिला पूर्ण बोलपट. कॅमेऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन बंद पेटीत असायचे. बहुतेक लोक त्या काळात कॅमेरा जागेवर ठेवून मोकळे होत. वायलरने मोहावीच्या वाळवंटात ती पेटी रुळांवर घालून माणसांकडून ढकलून घेतली, कारण त्याची पात्रं चालत होती.

खिडकीपाशी
'९० टेक वायलर'बद्दल कुणी बोलणार आहे की नाही? नटांचे हाल करणारा दिग्दर्शक म्हणूनच तो प्रसिद्ध होता. काय चुकलं ते सांगायचा नाही, नुसतं 'पुन्हा'. 'एअरेस'मध्ये प्रियकराने फसवल्यावर ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड बॅग घेऊन जिना चढते, तो शॉट किती वेळा घेतला! शेवटी चिडून तिने बॅग फेकली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बॅग रिकामी आहे. मग बॅगेत वजन भरलं आणि पुढच्या टेकला ती खरोखरच खचलेली दिसली. हे काम आधीच नको का करायला?

पडद्यामागचा
@खिडकीपाशी, बॅगेच्या बाबतीत तुमचं म्हणणं रास्त आहे. पण टेक वाढण्याचं मूळ कारण स्वभावाइतकंच त्याच्या पद्धतीतही आहे.

नेहमीच्या संकलनात तीन माणसांचं दृश्य असेल तर सगळ्यांचा एक शॉट घ्यायचा, मग प्रत्येकाचे जवळचे शॉट. एकाचं वाक्य अडखळलं तर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कट करून ते झाकता येतं. वायलर दीड-दोन मिनिटं तिघांना एकाच चौकटीत ठेवतो. तिथे मागे उभ्या असलेल्याची नजर क्षणभर चुकीकडे गेली, कुणी खुणेच्या अर्धा फूट पुढे थांबला, कॅमेरा हलताना फोकस ओढायला उशीर झाला, तर संपूर्ण शॉट बाद. झाकायला जागाच नाही. आंद्रे बाझां या फ्रेंच समीक्षकाने मोजून सांगितलं आहे की 'बेस्ट इयर्स'मध्ये तासाला साधारण १९० शॉट आहेत, तेव्हाची सरासरी ३०० ते ४०० होती. म्हणजे सरासरी शॉट १९ सेकंदांचा. सरासरी इतकी असेल तर सर्वांत लांब शॉट किती लांब असतील याचा अंदाज करा.

सातवी_रांग
आणि निकाल पाहा. त्याच्या चित्रपटांतल्या अभिनयाला मिळालेली ऑस्कर: वॉल्टर ब्रेनन दोनदा, बेटी डेव्हिस, फे बेंटर, ग्रीर गार्सन, टेरेसा राइट, फ्रेडरिक मार्च, हॅरल्ड रसेल, ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड, ऑड्री हेपबर्न, बर्ल आइव्ह्ज, चार्ल्टन हेस्टन, ह्यू ग्रिफिथ, बार्ब्रा स्ट्रायझँड. झाली १४. हाल केले म्हणता, पण बेटी डेव्हिस तीन चित्रपटांत त्याच्याकडे काम करायला आली.

जुनी_तिकिटं
यातलं ब्रेननचं पहिलं ऑस्कर 'कम अँड गेट इट'चं. तो चित्रपट अर्ध्याहून अधिक हॉवर्ड हॉक्सचा. निर्माता सॅम्युएल गोल्डविनने हॉक्सला काढलं आणि करारात अडकलेल्या वायलरला पूर्ण करायला लावलं. वायलर त्याला आपला चित्रपट मानतच नसे. तेव्हा १३ म्हणा.

सातवी_रांग
@जुनी_तिकिटं, पडद्यावर दोघांचीही नावं आहेत. १४ च!

सांजवेळ
थोडं अवांतर. 'दीज थ्री' आणि 'वुदरिंग हाइट्स'ची नायिका मर्ल ओबेरॉन आपल्या मुंबईची, जन्म १९११. वंशभेदाच्या त्या काळात स्टुडिओच्या प्रसिद्धीत तिचा जन्म टास्मानियातला म्हणून सांगितला जायचा आणि तिने ते आयुष्यभर सांभाळलं. हे आठवून 'वुदरिंग हाइट्स' पाहिला तर परका म्हणून वागवल्या जाणाऱ्या हीथक्लिफसमोर उभी राहिलेली ती वेगळीच वाटते.

भिंगवाला
@सांजवेळ, छान आठवण. १९३७ मध्ये तिला मोटार अपघात झाला आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. पुढे १९४४ च्या 'द लॉजर'मध्ये छायालेखक ल्युसियन बॅलार्डने तिच्यासाठी लेन्सच्या अगदी लगत एक छोटा दिवा बसवला. प्रकाश समोरून सरळ पडला की खाचखळग्यांच्या सावल्याच पडत नाहीत, त्यामुळे व्रण दिसेनासे होतात. तो दिवा 'ओबी' नावाने ओळखला जाऊ लागला.

वाचकमित्र
'वुदरिंग हाइट्स'चा शेवट मात्र वायलरचा नाही. दोन्ही प्रेमिकांची भुतं बर्फातून चालत जातात तो शॉट गोल्डविनला हवा होता. वायलरने नकार दिला, मग तो दुसऱ्याकडून डमी घेऊन काढून घेतला.

युद्धावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९४२ मध्ये वायलर अमेरिकी हवाई दलात गेला. 'मिसेस मिनिव्हर'चं ऑस्कर जाहीर झालं तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता, पुरस्कार पत्नीने स्वीकारला. 'मेम्फिस बेल' हा बी-१७ बॉम्बर विमानाच्या तुकडीवरचा माहितीपट त्याने प्रत्यक्ष मोहिमांवर उडून केला. १६ मि.मी. कोडाक्रोम. त्या कॅमेऱ्यातलं १०० फुटांचं रीळ २४ चौकटींच्या वेगाने पावणेतीन मिनिटांत संपतं. दाबनियंत्रण नसलेलं विमान, प्राणवायूचा मुखवटा, गोठवणारी थंडी, जाड हातमोजे, आणि अशा अवस्थेत रीळ बदलायचं. थंडीत वंगण घट्ट होतं, कॅमेरा अडखळतो, फिल्म ठिसूळ होऊन तुटते. आवाज मुद्रित करणं अशक्य होतं, म्हणून विमानातले संवाद नंतर त्याच वैमानिकांकडून हॉलिवूडमध्ये बोलून घेतले. त्याचा ध्वनितज्ज्ञ हॅरल्ड टॅननबॉम कॅमेरा घेऊन दुसऱ्या विमानात होता. ते पाडलं गेलं आणि तो परतला नाही.

१९४५ मध्ये इटलीत 'थंडरबोल्ट' या माहितीपटासाठी बी-२५ मधून चित्रण करताना इंजिनांच्या आवाजाने वायलरचा उजवा कान कायमचा गेला, डाव्यातही थोडंच उरलं. 'बेस्ट इयर्स'च्या सेटवर तो ध्वनिमुद्रकाच्या यंत्राला जोडलेले हेडफोन लावून कॅमेऱ्याखाली बसायचा.

खिडकीपाशी
आणि तरी त्या चित्रपटात आवाजाचं काम इतकं अचूक आहे! अल घरी येतो तो प्रसंग आठवा. दार उघडणाऱ्या मुलांना तो तोंडावर हात ठेवून गप्प करतो. आतून त्याच्या बायकोचा, मिलीचा, आवाज येतो, कोण आलंय म्हणून. उत्तर नाही. त्या शांततेतच तिला कळतं. मग लांब बोळाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती.

होमरचं काम करणारा हॅरल्ड रसेल हा मुळात नट नव्हता, सैन्यात प्रशिक्षक होता. १९४४ मध्ये स्फोटात हात गेले. गोल्डविनने त्याला अभिनयाच्या शिकवणीला घातलं, हे कळताच वायलरने ती बंद करायला लावली. कपडेही नटांनी दुकानातून विकत घेऊन आधी काही आठवडे वापरायचे असा नियम. सेट कॅमेऱ्याच्या सोयीसाठी मोठे न करता खऱ्या घराच्या मापाचे बांधले. खोल्या लहान, म्हणून कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा नाही, म्हणून पुन्हा रुंद कोनाची लेन्स.

जुनी_तिकिटं
बरं, हे सगळं मान्य. पण 'बेन-हर'चं काय? ज्या रथांच्या शर्यतीसाठी तो ओळखला जातो ती त्याने दिग्दर्शित केलीच नाही. अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कॅनट यांनी केली.

कृष्णधवल
@जुनी_तिकिटं, शर्यत त्यांचीच, आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. शर्यतीआधीची मिरवणूक आणि नंतरचा विजयसोहळा वायलरचा. गंमत म्हणजे १९२५ च्या 'बेन-हर' मूकपटातल्या शर्यतीच्या चित्रणात तो असंख्य सहायकांपैकी एक होता.

'बेन-हर'मध्ये तो मला अडकलेला दिसतो आणि त्याचं कारणही तांत्रिक आहे. ६५ मि.मी.ची निगेटिव्ह, चित्राचं प्रमाण २.७६ : १. निगेटिव्ह मोठी झाली की तेवढंच दृश्य पकडायला जास्त फोकल लेन्थ (लेन्सचा मि.मी.मधला आकडा) लागते, आणि फोकल लेन्थ वाढली की फोकसची खोली वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे पुढचा आणि मागचा माणूस एकत्र स्पष्ट ठेवण्याचं त्याचं आवडतं काम इथे जवळजवळ बंद. उरतं ते माणसांना आडवं पसरवणं. नायक जुडाह आणि त्याचा जुना मित्र मेसाला भाले फेकतात, तुळईवर दोन्ही भाले शेजारी रुततात, हे दृश्य त्या पसरटपणाचा नीट उपयोग करतं. पण बऱ्याच ठिकाणी दोन माणसं आणि मध्ये नुसती भिंत.

सातवी_रांग
पसरट पडदा त्याला जमत नव्हता असं नाही हो. 'द बिग कंट्री' (१९५८) पाहा. ग्रेगरी पेक आणि हेस्टन पहाटे मारामारी करतात. दुसरा कुणी असता तर ठोशागणिक कट केला असता. वायलर कॅमेरा इतका दूर नेतो की त्या अफाट माळावर दोन ठिपके धडपडताना दिसतात. आवाजही जवळपास नाही. भांडण किती निरर्थक आहे हे एका शब्दाशिवाय कळतं. आणि त्यानंतर दोघं थकून थांबतात.

पडद्यामागचा
'रोमन हॉलिडे'चं एक सांगायचं राहिलं. पॅरामाउंटला तो स्टुडिओत करायचा होता, वायलरला रोममध्येच हवा होता. तिथे जायचं तर खर्च वाचवायला रंग सोडावा लागला, म्हणून तो कृष्णधवल. खोटं बोलणाऱ्याचा हात तोडतो अशी आख्यायिका असलेल्या 'सत्याचं मुख' या दगडी चेहऱ्यात पेक हात घालतो आणि बाहेर काढतो तो बाहीत लपवून. हेपबर्नला हे आधी सांगितलं नव्हतं, तिची किंकाळी खरी आहे आणि तो पहिल्याच टेकचा शॉट आहे. '९० टेक'वाल्याला कधी थांबायचं हेही कळत होतं.

'रोमन हॉलिडे'ची मूळ कथा डाल्टन ट्रंबोची. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या काळ्या यादीत असल्यामुळे तेव्हा पडद्यावर दुसऱ्याचं नाव गेलं आणि ऑस्करही त्याच नावावर. वायलर स्वतः १९४७ मध्ये जॉन ह्यूस्टन आणि फिलिप डन यांच्यासह काळ्या यादीच्या राजकारणाविरुद्ध समिती उभारणाऱ्यांत होता.

कृष्णधवल
सगळ्यांचे मनापासून आभार. एक भर घालतो. 'बेस्ट इयर्स'मध्ये मोडीत निघालेल्या बॉम्बरांच्या मैदानावर फ्रेड एका विमानात चढतो. तिथे वायलर आपली नेहमीची पद्धत सोडतो. कॅमेरा इंजिनं काढून घेतलेल्या पंखांवरून सरकतो, ह्यूगो फ्रीडहोफरचं संगीत इंजिनांच्या घरघरीसारखं चढत जातं, मग कॅमेरा थेट विमानाच्या नाकाडावर चालून जातो. फ्रेड एकटा आहे, चौकटीत त्याच्याबरोबर ठेवायला दुसरं माणूसच नाही. म्हणून दुसऱ्या माणसाचं काम कॅमेरा आणि संगीत करतात. शेवटच्या लग्नात मात्र पुन्हा सगळे एका चौकटीत येतात. नवरानवरी शपथ घेताहेत, पण पाहायचं आहे ते पुढे उभ्या फ्रेडकडे आणि मागे उभ्या पेगीकडे.

भिंगवाला
पाहणाऱ्यांसाठी एक विनंती. 'बेन-हर' सोडून इथे आलेले बहुतेक चित्रपट १.३७ : १ प्रमाणाचे आहेत. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात म्हणून झूम करू नका. पडदा भरतो, पण उंचीतला सुमारे २३ टक्के भाग कापला जातो, आणि वायलर तर जिन्यांचा दिग्दर्शक. 'लिटल फॉक्सेस'मध्ये होरेस कोसळतो ती जागा चौकटीच्या वरच्या भागात आहे, तीच छाटली जाते. सेटिंगमध्ये 'मूळ प्रमाण' किंवा ४:३ निवडा. 'बेन-हर' उलट: १६:९ च्या टीव्हीवर चित्र उंचीच्या ६४ टक्क्यांतच मावायला हवं. त्याहून जास्त भरत असेल तर बाजू कापलेली प्रत आहे, दुसरी शोधा.

सांजवेळ
@भिंगवाला, सेटिंग बदललं. आज रात्री 'लिटल फॉक्सेस'.